निकालासोबत कारणंही हवीत

लोकप्रिय संगीताच्या अभ्यासकांच्या परिषदांमध्ये उत्कृष्ट विद्यार्थी-पेपरला, म्हणजे विद्यार्थ्याने परिषदेत वाचलेल्या शोधनिबंधाला, पुरस्कार द्यावा की नाही, हा वाद काही नवा नाही. एका बाजूचं म्हणणं असं की विद्वत्तेची शर्यत लावू नये, पुरस्कार बंद करा आणि ते पैसे सगळ्या विद्यार्थ्यांत वाटा. दुसरी बाजू म्हणते, विद्यापीठांत कायमच्या नोकऱ्या मिळणं मुश्किल झालंय, अशा वेळी तरुण संशोधकाच्या सीव्हीवर एक ओळ वाढते ती कशाला हिरावून घेता? दोन्ही बाजू तावातावाने बोलतात आणि दोघींच्याही हातून मूळ मुद्दा निसटतो. दोघीही असं धरून चालतात की पुरस्कार म्हणजे समारोपाच्या सत्रात जाहीर होणारं एक नाव. ते नाव पुकारण्याआधी कोणी काय वाचलं, कसं वाचलं, कशाला कशापेक्षा सरस ठरवलं आणि का ठरवलं, हे कोणी विचारतच नाही. माझं मत असं आहे: हा पुरस्कार राहायला हवा, पण दोन अटींवर. निकालाची कारणं लेखी आणि जाहीर असली पाहिजेत. आणि ज्यांना पुरस्कार मिळाला नाही, त्या प्रत्येकाला आपला पेपर परीक्षकांनी कसा वाचला हे लेखी कळलं पाहिजे. एवढं होणार नसेल, तर पुरस्कार बंद करा म्हणणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

एका विद्याशाखेतला, तोही विद्यार्थ्यांपुरता पुरस्कार. त्यावर इतकं बोलायचं कशाला, असं कोणी म्हणेल. पण ही विद्याशाखा जन्मली तीच मुळी ‘हे अभ्यासाच्या लायकीचं आहे का’ या भांडणातून. १९४१ साली जर्मन तत्त्वज्ञ थिओडोर अडोर्नो यांनी लोकप्रिय गाण्यांवर साचेबंदपणाचा शिक्का मारला आणि पुढची कित्येक वर्षं विद्यापीठांतल्या संगीत विभागांना तो शिक्का फार सोयीचा वाटला. १९८१ मध्ये ॲम्स्टरडॅमला या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, ‘इंटरनॅशनल असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ पॉप्युलर म्युझिक’ ही संघटना उभी राहिली, आणि त्याच वर्षी केंब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसने ‘पॉप्युलर म्युझिक’ हे नियतकालिक सुरू केलं. कोणाच्या कामाला काम म्हणायचं हे ठरवणाऱ्यांच्या दाराबाहेर या विषयाची पहिली पिढी बराच काळ उभी होती. आता ठरवण्याचं काम तिच्याकडे आणि तिच्या विद्यार्थ्यांकडे आलं आहे. ज्यांनी कारण न सांगता दिलेला नकार सोसला, त्यांनी तरी कारण न सांगता निकाल देऊ नये, ही अपेक्षा अवाजवी आहे का?

कारणं उघड झाली की काय होतं, याचं एक उदाहरण संगीताच्याच जगातलं आहे. १९६५ साली अमेरिकेतल्या पुलित्झर पुरस्कारांच्या संगीत विभागातल्या तीन परीक्षकांना त्या वर्षीची एकही रचना पुरस्कारायोग्य वाटली नाही. त्याऐवजी जॅझ संगीतकार ड्यूक एलिंग्टन यांच्या आजवरच्या कामगिरीचा विशेष गौरव करावा, अशी शिफारस त्यांनी केली. वरच्या मंडळाने ती फेटाळली. एलिंग्टन तेव्हा ६६ वर्षांचे होते. तिघांपैकी दोन परीक्षकांनी राजीनामे दिले, म्हणून ही गोष्ट चव्हाट्यावर आली. एलिंग्टन यांना तो गौरव मिळाला १९९९ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी. जॅझला संगीताचा पुलित्झर पहिल्यांदा मिळाला १९९७ मध्ये, विंटन मार्सालिस यांच्या रूपाने. आणि अभिजात संगीत व जॅझ यांच्या पलीकडे हा पुरस्कार गेला तो थेट २०१८ मध्ये, रॅपर केंड्रिक लमार यांच्याकडे. ते दोन राजीनामे झाले नसते तर १९६५ ची नोंद ‘यंदा पुरस्कार नाही’ एवढीच उरली असती. जगाला त्यातून काहीही कळलं नसतं, आणि ज्या चुकीची आठवण पुढे इतकी वर्षं दिली गेली ती चूक आहे हेही कोणाच्या लक्षात आलं नसतं.

आता विरोधकांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, आणि बरंच आहे. त्यांचा सगळ्यात भक्कम मुद्दा असा की हा पुरस्कार ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच आणखी देतो. परिषदेला जायला पैसे लागतात. पेपर घोटून घ्यायला वेळ असलेला मार्गदर्शक लागतो. इंग्रजीत पेपर वाचायचा तर ती भाषा लहानपणापासून कानावर पडलेल्याला निम्मं मैदान आयतंच मिळतं. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये विज्ञानाच्या क्षेत्रातला हाच प्रकार ‘मॅथ्यू इफेक्ट’ या नावाने मांडला: नावाजलेल्याला त्याच कामाचं श्रेय जास्त मिळतं, अनोळखी माणसाला कमी. विद्यार्थिदशेत मिळालेला पुरस्कार पुढच्या फेलोशिपला उपयोगी पडतो, ती फेलोशिप त्याच्या पुढच्या नोकरीला, आणि सुरुवातीचं बोटभर अंतर दहा वर्षांत कोसभर होतं. हे सगळं मला मान्य आहे.

पण यावर पुरस्कार बंद करणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. पुरस्कार गेला म्हणून निवड थांबणार आहे का? निवड होतच राहणार. कोणाला पुस्तकात प्रकरण लिहायला बोलवायचं, कोणाला दोन वर्षांच्या हंगामी जागेवर घ्यायचं, कोणाचं नाव चहाच्या सुट्टीत संपादकाच्या कानावर घालायचं, हे ठरणारच आहे. तेव्हा ते ठरेल कोण कोणाचा विद्यार्थी आहे यावर. ज्या निवडीला अर्ज नाही, मुदत नाही, नियम नाही, तिच्यात मोठ्या विद्यापीठातल्या मोठ्या प्राध्यापकांचा विद्यार्थी हरतो कधी? पुरस्काराला निदान एक दार तरी आहे आणि ते कोणालाही ठोठावता येतं. दगडापेक्षा वीट मऊ, एवढाच दावा मी इथे करतो आहे. वीट मऊ असते असा नाही.

अठराव्या शतकातल्या युरोपातल्या अकादम्यांना ही अडचण चांगली ठाऊक होती. त्या निबंधस्पर्धा लावत तेव्हा निबंधावर लेखकाचं नाव नसे, एक बोधवाक्य असे; तेच बोधवाक्य वर लिहिलेल्या बंद पाकिटात नाव असे, आणि पाकीट निकालानंतर उघडत. आजच्या परिषदेत ही युक्ती चालत नाही, हेही मान्य केलं पाहिजे. पेपर नावानिशी वाचला गेलेला असतो, आणि विषयाचं वर्तुळ इतकं लहान असतं की शीर्षकावरूनच लिहिणारा ओळखू येतो. पण मार्गदर्शकाने आपल्या विद्यार्थ्याच्या वेळी परीक्षक मंडळातून बाजूला व्हावं आणि तसं झाल्याची नोंद निकालात असावी, एवढं तर करता येतं. यात अवघड काय आहे?

दुसरा आक्षेप असा की या विषयात तुलनाच होऊ शकत नाही. एक विद्यार्थी एखाद्या गाण्याच्या ध्रुवपदातली स्वररचना उलगडतो, दुसरी विद्यार्थिनी एका शहरातल्या क्लबांत वर्षभर वावरून तिथल्या माणसांबद्दल लिहिते, तिसरा स्वामित्वहक्काच्या करारांचे जुने कागद उपसतो. यांना एका मापाने कसं मोजणार? ज्यांच्या नावाने हे पुरस्कार दिले जातात त्यांच्याकडेच पाहा. वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या अमेरिकी शाखेचा पुरस्कार डेव्हिड सँजेक यांच्या नावाने आहे. ते अनेक वर्षं बीएमआय या हक्कशुल्क गोळा करणाऱ्या संस्थेचं अभिलेखागार सांभाळत होते, नंतर इंग्लंडमध्ये सॅलफर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाले. कॅनडा शाखेचा पुरस्कार पीटर नार्वाएझ यांच्या स्मरणार्थ आहे. ते न्यूफाउंडलंडच्या मेमोरियल विद्यापीठातले लोकसंस्कृतीचे अभ्यासक आणि स्वतः ब्लूज वाजवणारे कलावंत. निरनिराळ्या समाजांच्या संगीताचा अभ्यास करणाऱ्या ‘सोसायटी फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी’च्या लोकप्रिय संगीत विभागाचा विद्यार्थी-पुरस्कार लीझ वॅक्सर यांच्या नावाने आहे. कोलंबियातल्या काली शहराने साल्सा कसा आपलासा केला हे त्यांनी तिथे राहून अभ्यासलं, आणि ऐन उमेदीत, २००२ साली त्या गेल्या. या तिघांना एका टेबलाभोवती बसवलं असतं तर ‘उत्तम पेपर कोणता’ यावर त्यांचं तरी एकमत झालं असतं का?

बहुधा नसतं झालं. पण ते भांडले असते, आणि त्या भांडणातून काहीतरी निघालं असतं. माप एक नाही ही खरी गोष्ट आहे. म्हणून तर माप कोणतं लावलं हे सांगायची गरज पडते. सगळ्यांना मान्य असलेली एकच मोजपट्टी असती तर नुसता आकडा पुरला असता. परिषदेसाठी पेपर निवडताना, नियतकालिकात लेख घेताना, विभागात माणूस नेमताना या विषयातले लोक स्वरविश्लेषण आणि क्षेत्रीय अभ्यास यांची तुलना वर्षभर करतच असतात. फक्त ती बंद दाराआड होते. पुरस्काराच्या निमित्ताने वर्षातून एकदा ती उघड्यावर यावी, परीक्षकांनी लिहावं की आम्हाला या पेपरमधला पुरावा जास्त वजनदार वाटला, त्या दुसऱ्या पेपरमधली कल्पना जास्त धाडसी होती, आणि आम्ही पुराव्याला झुकतं माप दिलं. मग पुढच्या वर्षी कोणी उठून म्हणेल की धाडसाला का नाही दिलं? विद्याशाखा अशीच वाढते.

इथे ऐकण्याचा मुद्दा येतो, आणि तो मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. कालीमधलीच गोष्ट घ्या. तिथल्या नाचाच्या ठिकाणी बाहेरून आलेल्या साल्सा, पचांगा, बुगालू अशा नृत्यसंगीताच्या तबकड्या वाजत. नाचणाऱ्यांना वेग कमी वाटू लागला तेव्हा वाजवणाऱ्यांनी मिनिटाला ३३ फेऱ्यांची तबकडी ४५ फेऱ्यांवर लावायला सुरुवात केली, आणि त्या वेगाला जुळणारी पावलं हीच कालीच्या नाचाची ओळख बनली. कागदावर हे एका वाक्यात संपतं. आता तीच तबकडी लावून बघा. लय तिसऱ्या हिश्शाने वाढते, आणि नुसती लय वाढत नाही, सूरही चढतो: गाणाऱ्याचा षड्ज शुद्ध मध्यमाच्याही किंचित वर जाऊन बसतो. भरदार आवाजाचा बाप्या कोवळ्या पोरासारखा ऐकू येतो, तुताऱ्या पातळ होतात, कोंगाचे ठोके खडीसारखे उडायला लागतात. सभागृहात हा तुकडा १५ सेकंद आधी ३३ वर आणि मग ४५ वर ऐकवला, की त्या शहरातल्या लोकांनी दुसऱ्यांचं संगीत आपलं कसं केलं हे श्रोत्याला त्याच क्षणी समजतं. पुढची दहा पानं फक्त त्याची फोड करतात. असा पेपर केवळ पीडीएफ वाचून जोखणारा परीक्षक नेमकं काय जोखत असतो? टिपा नीट आहेत का, संदर्भ अद्ययावत आहेत का, सैद्धांतिक शब्द जागच्या जागी पडलेत का. युक्तिवादाचा गाभा मात्र त्याने ऐकलेलाच नसतो.

परिषदेत एका वेळी अनेक दालनांत सत्रं चालतात, त्यामुळे सगळे परीक्षक सगळ्या पेपरांना हजर राहू शकत नाहीत, हे उघड आहे. पण ध्वनीचे तुकडे मागवून घेता येतात, आणि ते वाचताना ऐकले असं अभिप्रायात लिहिता येतं. आणि २० मिनिटांत वाचलेलाच पेपर पाठवायचा, त्याचा फुगवून केलेला लेख चालणार नाही, हा काही पुरस्कारांचा नियम सगळीकडे कडकपणे पाळला जावा. वीस मिनिटांचा पेपर ही एक वेगळी कला आहे. अडीच हजार शब्दांत, कानाने ऐकणाऱ्या माणसाला, मागे उलटून वाचायची सोय नसताना एक गोष्ट पटवायची. प्रबंधाच्या प्रकरणाचे लचके तोडून ती जमत नाही.

तिसरा आक्षेप इतिहासातून येतो, आणि वरवर पाहता त्याने माझी बाजू कोसळायला हवी. पुरस्कार देणारे नवं काही ओळखू शकत नाहीत, म्हणून विद्यार्थी परीक्षकांना रुचेल तेच लिहितात, असा हा आक्षेप. पुरावा द्यायचा तर रूसो आहेच. फ्रान्समधल्या दिजों इथल्या अकादमीने १७५० साली त्याच्या निबंधाला पहिलं बक्षीस दिलं आणि तो प्रसिद्ध झाला. काही वर्षांनी त्याच अकादमीने माणसामाणसांतल्या विषमतेचं मूळ काय, असा प्रश्न लावला. रूसोने पुन्हा निबंध पाठवला आणि १७५४ मध्ये बक्षीस दुसऱ्याच कोणाला गेलं. रूसोचा निबंध फार लांब म्हणून अकादमीने शेवटपर्यंत वाचलासुद्धा नाही. आज विजेत्याचं नाव तज्ज्ञांखेरीज कोणाला ठाऊक नाही, आणि १७५५ मध्ये छापला गेलेला तो हरलेला निबंध जगभर शिकवला जातो. जर्मन तत्त्वज्ञ शोपेनहाउअरची कथा याहून विलक्षण. १८३९ मध्ये नॉर्वेच्या विद्वत्सभेने त्याला बक्षीस दिलं. १८४० मध्ये डेन्मार्कच्या सभेने लावलेल्या प्रश्नाला उत्तर पाठवणारा तो एकटाच होता, आणि तरीही सभेने बक्षीस नाकारलं.

पण नीट पाहा. रूसोचा दुसरा निबंध जन्मला कशामुळे? अकादमीने प्रश्न विचारला, मुदत दिली, वाचण्याचं कबूल केलं, यामुळे. अकादमीचा निर्णय चुकला, पण तिची स्पर्धा नसती तर तो मजकूर त्या वेळी त्या रूपात लिहिलाच गेला नसता. गुन्हा निवडीतल्या चुकीचा कमी आणि शेवटपर्यंत न वाचण्याचा जास्त आहे. आणि डेन्मार्कच्या सभेने, बाकी काहीही असो, एक गोष्ट बरोबर केली: नकाराची कारणं लिहून दिली. त्यातलं एक कारण असं होतं की लेखकाने अलीकडच्या थोर तत्त्वज्ञांचा अवमानकारक उल्लेख केला आहे. शोपेनहाउअरने काय केलं? १८४१ मध्ये दोन्ही निबंध एकत्र छापले, मुखपृष्ठावर दुसऱ्याखाली ठसठशीत लिहिलं की डेन्मार्कच्या सभेने याला बक्षीस दिलेलं नाही, सभेचा निकाल जसाच्या तसा जोडला आणि प्रस्तावनेत त्याचं मुद्देसूद वस्त्रहरण केलं. निकालाला कारणं होती म्हणून हे जमलं. ‘आपला निबंध निवडला गेला नाही, सहभागाबद्दल आभार’ अशा दोन ओळींच्या पत्राचं कोणी काय वस्त्रहरण करणार?

आणि याच परंपरेत फ्रेंच गणितज्ञ सोफी जर्मेन यांचीही गोष्ट आहे, जी पुरस्कारविरोधक सहसा सांगत नाहीत. धातूच्या पत्र्यावर वाळू पसरून कडेला गज फिरवला की वाळू सरकून रेषांच्या आकृती उमटतात. जर्मन ध्वनिशास्त्रज्ञ क्लाद्नी यांनी हा प्रयोग युरोपभर दाखवला होता. त्या आकृतींमागचं गणित मांडा, असा प्रश्न पॅरिसच्या इन्स्टिट्यूटने १८०९ मध्ये लावला. १८११ मध्ये एकच उत्तर आलं, जर्मेन यांचं. त्यांना विद्यापीठाचं शिक्षण नव्हतं. बाईला ते मिळतच नव्हतं. गणितात चूक होती आणि बक्षीस नाकारलं गेलं. पण परीक्षकांत थोर गणितज्ञ लाग्रांज होते, त्यांनी जर्मेन यांच्याच गृहीतकावरून बरोबर समीकरण काढून दाखवलं, आणि मुदत वाढवली गेली. दुसऱ्या खेपेस, १८१३ मध्ये, त्यांचा सन्माननीय उल्लेख झाला. तिसऱ्या खेपेस, १८१६ मध्ये, बक्षीस मिळालं. त्या संस्थेने त्यांना इतर बाबतींत कशी वागणूक दिली हा वेगळा आणि दुःखद विषय आहे. पण नाकारलेल्या निबंधात काय बरोबर आहे आणि काय चुकलं आहे हे कोणीतरी वहीत हिशेब मांडून दाखवलं, म्हणून पुढचे दोन प्रयत्न शक्य झाले. विद्यार्थी-पुरस्काराकडून मी मागतो आहे ते हेच.

पैशांच्या बाबतीत मी विरोधकांच्या बाजूचा आहे. संघटनेच्या तिजोरीत मोजकेच पैसे असतील आणि निवड करायची असेल, तर ते प्रवासखर्चाला द्यावेत, कारण जो परिषदेला पोचलाच नाही त्याच्यासाठी पुरस्काराचं दार उघडं असून उपयोग नाही. पुरस्काराची रक्कम शून्य केली तरी माझी हरकत नाही. दोन पानी जाहीर अभिप्राय, ज्यात तीन जाणत्यांनी तुमचा युक्तिवाद स्वतःच्या शब्दांत मांडून त्याची ताकद आणि कच्चे दुवे दाखवले आहेत, तो नोकरीच्या अर्जाला जोडता येतो. धनादेश जोडता येत नाही.

उरतो तो व्यवहाराचा आक्षेप, जो प्रत्येक समितीच्या बैठकीत येतो: एवढं लिहायला वेळ कोणाकडे आहे? परीक्षकांना मानधन नसतं, त्यांच्या डोक्यावर आधीच प्रबंध आणि परीक्षांचे गठ्ठे असतात. हे खरं आहे. पण हिशेब करू. समजा १५ पेपर आले, प्रत्येकी अडीच हजार शब्दांचे. म्हणजे साडेसदतीस हजार शब्द, एका लहानशा पुस्तकाएवढे. ते तर वाचावेच लागतात, नाहीतर निकाल कशावर दिला? राहिले अभिप्राय. तीन परीक्षकांनी पाच-पाच वाटून घेतले आणि प्रत्येकी एक परिच्छेद लिहिला, तर माणशी दोन पानांहून जास्त होत नाही. वाचताना कागदाच्या कडेला खुणा केलेल्या असतील तर तेही एका संध्याकाळचं काम आहे; आणि खुणा केलेल्याच नसतील, तर विद्यार्थ्यांची शंका रास्त ठरते. एखाद्या वर्षी पेपर फार आले किंवा परीक्षक मिळाले नाहीत, तर संघटनेने सरळ जाहीर करावं की यंदा वाचायला माणसं नाहीत म्हणून पुरस्कार नाही, आणि आलेले पेपर पुढच्या वर्षीच्या स्पर्धेत धरावेत, मग विद्यार्थी तोवर पदवी घेऊन बाहेर पडला असला तरी. तशी तरतूद नियमांत लिहून ठेवायला एक ठराव पुरतो, आणि तो येत्या सर्वसाधारण सभेत मांडता येईल.